तळाला भोक असलेला पेला

अक्कलकोटला स्वामी समर्थांचे दर्शन घेऊन गाणगापूरकडे निघालेल्या भाविकांची एक वाट मैंदर्गीवरून दुधनीकडे जाते. मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्याच्या अगदी कडेचे, नगरपरिषद असलेले गाव. थोडे पुढे गेले की कर्नाटक लागते, आणि गावातल्या बोलण्यात मराठी-कानडी इतकी मिसळलेली, की वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपले तरी कुणाला खटकत नाही. चहाला मात्र दोन्हीकडे एकच शब्द आहे, चहा. अशा एखाद्या सीमेवरच्या हॉटेलात आपण बसलो आहोत असे समजू. पाण्याचा पेला रिकामा झाला की पोऱ्या स्टीलचा जग घेऊन येतो आणि न विचारता तो पुन्हा भरतो. चहाचा ग्लास रिकामा झाला की तोच पोऱ्या तो ग्लास उचलून नेतो. एका टेबलावरच्या दोन भांड्यांना असे दोन कायदे लागू असतात. ते कुठे लिहिलेले नाहीत, तरी पोऱ्याला पाठ आणि आपल्यालाही ठाऊक.

हाच कायदा अलीकडे अमेरिकेतल्या मनोरंजननगरींत आणि पर्यटनाच्या मोठ्या जहाजांवर पेल्याच्या बुडाशी, नखाएवढ्या चकतीत लिहिला जाऊ लागला आहे. पेला यंत्राखाली धरला की यंत्र रेडिओलहरींनी त्याची ओळख विचारते, पेला आपला क्रमांक सांगतो, आणि हिशेबात बसत असेल तरच तोटी उघडते. रिफिल म्हटले की आपल्या पिढीला बॉलपेनची कांडी आठवते. तिकडे त्या शब्दावर पेल्यांचा एक धंदा उभा आहे. काही पेले त्याहून हौशी. ते उजळतात, रंग बदलतात, दूरच्या पेल्याशी बोलतात. ऐकायला हे सारे कालपरवाचे वाटते. पण पेला पुन्हा कोणी भरायचा, किती वेळा, आणि त्यात गंमत किती आणायची, हे प्रश्न फार जुने आहेत. आपण त्यांचा माग काढत जाऊ.

पहिला मुक्काम महाभारताच्या वनपर्वात. पांडव वनात गेले, मागोमाग ब्राह्मणांचा मेळा गेला, आणि इतक्या जणांना जेवू कसे घालायचे या चिंतेत युधिष्ठिराने धौम्यांच्या सांगण्यावरून सूर्याची उपासना केली. सूर्याने तांब्याचे पात्र दिले. ते आपण अक्षय म्हणून लक्षात ठेवतो, पण त्याला जोडलेली अट विसरतो. रोज द्रौपदीचे जेवण होईपर्यंतच ते पात्र अक्षय. ती जेवली की त्या दिवसापुरते संपले, पुन्हा दुसऱ्या दिवशी. अमर्याद पुरवठा, पण ठरलेल्या घटनेपर्यंत. नंतर बंद, आणि रोज नव्याने सुरू. आजच्या ‘दिवसभर हवे तितके प्या’ पेल्याची अट याहून निराळी नाही. फरक इतकाच, की त्या पात्राची किल्ली घरच्या बाईच्या भुकेजवळ ठेवली होती, आणि ती सर्वांत शेवटी जेवणार हे गृहीत धरलेले होते.

कथेतून व्यवहारात उतरलो की भेटते घटिकापात्र. तांब्याची पातळ अर्धगोल वाटी, तळाला बारीक छिद्र. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडायची. छिद्रातून पाणी आत येत येत वाटी भरते आणि बुडते. त्याला लागतात 24 मिनिटे, म्हणजे एक घटका. अहोरात्रात 60 वेळा बुडणाऱ्या अशा पात्राचे वर्णन सूर्यसिद्धान्तात आहे. बाबराने हिंदुस्थानात आल्यावर ही वाटी आणि तिच्या हिशेबाने तास वाजवणारे घड्याळजी पाहिले आणि बाबरनाम्यात त्यांची नोंद केली. आपल्याकडे मनगटावर घड्याळे येईपर्यंत लग्नाचा मुहूर्त याच वाटीवर ठरे; मांडवात घटिका घातली जाई आणि ती बुडण्याकडे सगळ्यांचे डोळे लागत. एखाद्याची घटका भरली असे आपण आजही म्हणतो, त्यामागे हीच बुडणारी वाटी आहे. पिण्यासाठी नव्हे, काही कळवण्यासाठी केलेले हे भांडे. स्वतः भरून दुसऱ्याला खबर देणारे भांडे म्हणून या वंशावळीत त्याचा मान मोठा.

आता थोडे पश्चिमेला जाऊ. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात क्टेसिबिओसने हवा आणि पाणी यांच्या दाबावर चालणारी यंत्रे केली, बायझँटियमच्या फिलोने तशा यंत्रांवर लिहिले, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात हेरॉनने हा सगळा वारसा एका ग्रंथात बांधला. त्यात देवळातले एक यंत्र आहे. वरच्या फटीतून पाच द्राख्मांचे नाणे टाकायचे. ते आतल्या तराजूवजा दांडीच्या टोकाला असलेल्या पट्टीवर पडते, दांडी कलते, झडप उचलली जाते आणि पवित्र पाणी वाहू लागते. दांडी कलता कलता नाणे घसरून खाली पडते आणि झडप बंद होते. जितका वेळ नाणे दांडीवर, तितके पाणी. पुजाऱ्याने तीर्थाची पळी हातात धरण्याची गरज संपली. हेरॉनच्याच ग्रंथात असेही पात्र आहे, की त्यातून मद्य कितीही काढले तरी पातळी खाली जात नाही. तरंगणारा गोळा खाली आला की मागून भर पडते. आपल्या गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक याच कुळातला.

त्याच ग्रीक परंपरेत पायथागोरसच्या नावाने सांगितला जाणारा एक पेला आहे. सामोस बेटावर तो आजही पर्यटकांना विकतात. पेल्याच्या मधोमध एक खांब, खांबाच्या आत वाकवलेली नळी, नळीचे एक तोंड पेल्यात आणि दुसरे बुडाच्या भोकाशी. मर्यादेत ओतले तर पेला साध्या पेल्यासारखा वागतो. बाकाच्या वर एक थेंब चढला, की वक्रनळीचा खेळ सुरू होतो. बाहेरच्या लांब बाजूला उतरणारे द्रव मागच्याला ओढत नेते, आणि जास्तीचे तेवढेच नव्हे, पेल्यातले सगळे द्रव खालच्या भोकातून निघून जाते. हावरटाच्या मांडीवर सगळी दारू. या एका साध्या बाकावर पुढे पुष्कळ काही उभे राहिले. 1879 मध्ये फ्रान्झ फॉन सॉक्सलेटने रसायनशाळेसाठी जे अर्क काढण्याचे उपकरण केले त्यात हाच बाक आहे, आणि कपडे धुण्याच्या यंत्रात सुगंधी द्रव घालायचा जो छोटा कप्पा असतो, तोही याच रीतीने योग्य वेळी स्वतःला रिता करतो.

आपल्याकडे या वाकड्या नळीने जे रूप घेतले ते मला सगळ्यात लोभस वाटते. वासुदेवाचा पेला म्हणून तो ओळखला जातो. पितळी पेला, आत उभा असलेला वसुदेव, त्याच्याजवळ बाळकृष्ण. पेल्यात पाणी ओतत जायचे. ही यमुना. पाणी वसुदेवाच्या गुडघ्यापर्यंत येते, कमरेपर्यंत येते, छातीशी येते, बघणारी पोरे श्वास रोखून धरतात, आणि पाणी बाळाच्या अंगठ्याला लागताच यमुना ओसरू लागते. अवघा पेला कोरडा होतो. नळी वसुदेवाच्या अंगात लपवलेली, आणि तिचा बाक नेमका कृष्णाच्या पायाच्या उंचीला. यमुनेने वाट दिल्याची कथा भागवताच्या दशम स्कंधातली, पायाचा स्पर्श लोकांनी जपलेला, आणि ती दाखवणारी युक्ती भौतिकशास्त्रातली. ग्रीकांच्या पेल्याने हावरटाला शिक्षा केली. आपल्या पेल्याने त्याच युक्तीत गोष्ट ओतली. मनोरंजन करणारा, पिणाऱ्याच्या कृतीला उत्तर देणारा, आणि किती भरायचे ते स्वतः ठरवणारा असा हा पेला. त्याला वीज लागत नाही. शाळेत शिक्षक वक्रनळी शिकवताना तो टेबलावर आणत. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची जी रीत पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे रुजवली, त्या रीतीने प्लास्टिकचा पेला, वाकणारी स्ट्रॉ आणि थोडे मेण घेऊन तो कोणत्याही वर्गात दहा मिनिटांत तयार होतो.

अशा यंत्रांची आवड राजांनाही होती. अकराव्या शतकात धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधार या ग्रंथाचा एकतिसावा अध्याय सगळा यंत्रांचा आहे. तिथे एक मजेशीर कबुली येते. यंत्रांची जुळणी सविस्तर सांगितलेली नाही ती अज्ञानामुळे नव्हे, गुपित राहावे म्हणून. पेटंट कचेरी निघण्याच्या कितीतरी शतके आधीचे हे धंद्याचे गुपित! बगदादमध्ये मात्र वृत्ती उलटी होती. इसवी सन 850 च्या सुमारास मूसाचे तीन पुत्र, मुहम्मद, अहमद आणि हसन, यांनी सुमारे शंभर युक्तीच्या उपकरणांचा ग्रंथ लिहिला आणि आकृत्यांसह आतले सगळे उघड केले. त्यातली बहुतेक उपकरणे म्हणजे चकवणारी भांडी आहेत. त्यानंतर 1206 मध्ये दियारबकिरच्या दरबारात अल्-जझरीने आपला ग्रंथ पुरा केला. त्याच्या सहा भागांपैकी अख्खा दुसरा भाग मद्यपानाच्या बैठकीत शोभतील अशा भांड्यांना आणि बाहुल्यांना दिलेला आहे. दरबारी तळ्यावर तरंगणारी, चार यांत्रिक वादकांची नावही त्याचीच. पिणे आणि करमणूक यांची गाठ यंत्राने बांधायची ही कल्पना तिथे भर सभेत मांडली गेली. इराणकडून कारागीर आणि विद्वान दख्खनमध्ये येतच होते. फत्हुल्लाह शिराझी हा यंत्रज्ञ आधी विजापूरच्या आदिलशाहीत आला आणि 1583 मध्ये अकबराकडे गेला. मैंदर्गीचा हा मुलूख त्या विजापूर-गुलबर्ग्याच्या छायेतलाच.

इराणी कथांत जमशीद राजाचा एक पेला आहे, ज्यात साऱ्या जगातल्या घडामोडी दिसतात. त्या पेल्याचे नाव 1832 मध्ये मुंबईतल्या पारशांनी आपल्या वर्तमानपत्राला दिले, जामे जमशेद. पेल्यात बातमी बघायची हौस आपल्या मुंबईने अशी छापखान्यात भागवली. युरोपातली वाट थोडक्यात उरकू. जर्मनीत सोळाव्या-सतराव्या शतकांत उंच काचेच्या पेल्यांवर ठरावीक अंतराने कड्या काढत; एका दमात नेमके पुढच्या कडीपर्यंत प्यायचे, चुकला तर पुन्हा. इंग्लंडात गळ्याला भोके पाडलेले कोड्याचे जग निघाले. कुठले भोक बोटाने दाबायचे हे कळले नाही तर अंगावर सांडायचे. ही सगळी खानावळीतली थट्टामस्करी, तिला फार वेळ द्यायला नको.

आपल्याकडे पेल्यावरचा ताबा थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. इथे प्रश्न किती प्यायचे हा नसून कोणी, कोणाच्या हातचे आणि कोणत्या भांड्यातून प्यायचे हा होता. वरून धार धरून पिण्याची आपली जुनी सवय स्वच्छतेची आहे तशीच शिवाशिवीचीही. 1890 मध्ये पुण्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या बोलावण्यावरून शहरातली बडी मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. समोर चहा आणि बिस्किटे आली. कुणी घेतली, कुणी कप नुसता पुढे ठेवला. हजर असलेल्यांची नावे पुणे वैभव या पत्रात छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे वर्ष-दोन वर्षे चालला. एका कपाने पुण्याचे समाजकारण ढवळले. ज्यांना कपही मिळत नव्हता त्यांची गोष्ट याहून कठोर. 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यापर्यंत चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा पाणी कोणी घ्यावे या कायद्यालाच त्यांनी आव्हान दिले. त्यानंतरही खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत बाहेरच्या खुंटीला कान तुटलेला वेगळा कप दिसत राहिला. ज्याने प्यायचे त्याची ओळख भांड्यावरच ठेवायची ही रीत आपण फार आधी शोधली होती. चकतीत क्रमांक ठेवणाऱ्या पेल्याबद्दल वाचताना मला तो कप आठवतो, आणि या वंशावळीतून त्याला वगळता येत नाही.

ओळख सांगायला आता खुंटी लागत नाही, लहरी लागतात. 1895 मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी तारेवाचून लहरी धाडून दूरची घंटा वाजवून दाखवली. 1945 च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत सोव्हिएत मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला राजमुद्रेचे कोरीव लाकडी तबक भेट दिले. त्याच्या पोटात लिओन थेरेमिनने केलेले श्रवणयंत्र होते. त्यात ना तार होती ना बॅटरी. बाहेरून रेडिओलहर सोडली की ते जागे होई आणि खोलीतले बोलणे त्या लहरीवर चढवून परत पाठवी. 1952 पर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. स्वतःची वीज नसलेली, विचारणाऱ्याच्या लहरीवरच जगून उत्तर देणारी वस्तू ही कल्पना तिथून पुढे चालली. 1948 मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित लहरींनी संदेश धाडण्यावर शोधनिबंध लिहिला, 1973 मध्ये मारिओ कार्डुलो आणि चार्ल्स वॉल्टन यांना अमेरिकेत वेगवेगळी पेटंटे मिळाली. आज सोलापूर-पुणे रस्त्यावर सावळेश्वर किंवा वरवडे टोलनाक्यावर काचेवरचा फास्टॅग जो बोलतो, तो याच भाषेत.

या भाषेचे आणि पेल्याचे लग्न गेल्या पाव शतकातले. 1999 च्या सुमारास जर्मनीत कार्ल्सरूहे विद्यापीठात मायकेल बायगल, हान्स-वेर्नर गेलरसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या कपांच्या बुडात संवेदक बसवले. कप गरम आहे का, कुणी उचलला का, हे तो अवरक्त किरणांनी कळवी. एका खोलीत बरेच गरम कप जमले की तिथे बैठक चालू आहे असे संगणक ताडे. 2002 मध्ये मित्सुबिशीच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत पॉल डिएट्झ आणि मंडळींनी खास हॉटेलांसाठी पेला केला. टेबलात दडवलेल्या वेटोळ्यातून त्याला वीज मिळे, आत किती द्रव उरले ते तो मोजी, आणि रिकामा होत आला की वेटरला कळवी. मैंदर्गीच्या पोऱ्याची नजर तिथे संवेदकात घातलेली होती. 2006 मध्ये एमआयटीत दोन प्रेमिकांसाठी पेल्यांची जोडी निघाली. एकाने इथे ओठाला लावला की दुसऱ्याचा तिथे उजळतो. 2017 मध्ये सिंगापूरला निमेशा रणसिंघे यांच्या गटाने रंग, वास आणि जिभेला सौम्य वीजस्पर्श देऊन साध्या पाण्यालाही वेगळी चव असल्याचा भास करून देणारा पेला मांडला, तो मोबाइलवरून चालवायचा. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेच्या मैफलीत हजारो मनगटांवरच्या पट्ट्या एका तालात उजळल्या. लहरींवर चमकणारे पेले हे त्या पट्ट्यांचे सख्खे भाऊ.

पण संशोधकांच्या या हौसेतून बाजारात टिकले ते राखणदारीचे काम. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या हॉटेलांत पाहुण्यांना मग विकत मिळे आणि मुक्कामभर पेय हवे तितके घेता येई. लोक तो मग घरी नेत आणि पुढच्या सहलीला तोच घेऊन परत येत. 2013 पासून मगांच्या तळाशी चकती आली. मुक्कामाचे दिवस संपले की मग मुका. कोका-कोलाच्या अनेक चवी देणाऱ्या यंत्रांशी जोडलेले तसेच पेले मनोरंजननगरींत आणि जहाजांवर आले, आणि दोन वेळा भरण्यात काही मिनिटांचे अंतर सक्तीचे झाले. आपल्याकडच्या पंगतीत वाढपी ‘घ्या की अजून’ म्हणत फिरतो आणि नको म्हणणाऱ्याच्या पानात आणखी वाढतो. त्या आग्रहाला तोंड नव्हे, तोटी असती तर काय झाले असते, हे मी मनातल्या मनात करून पाहिले. जमले नाही.

हे सारे आपल्या गावांत आले ते शीतपेयाच्या मार्गाने नव्हे, पाण्याच्या. सोलापूर जिल्हा अवर्षणाचा. उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई असे. रांजणातून ओगराळ्याने पाणी देणारा माणूस तहान बघून देई, मोजून नाही. 2015 च्या सुमारास रेल्वे स्थानकांवर पाण्याची यंत्रे आली तेव्हा तिथल्या फलकावर 300 मिलिलिटरचे दोन भाव होते, आपल्या भांड्यात भरून घेतले तर 1 रुपया आणि पेल्यासकट 2. महाराष्ट्रात गावोगावी पाण्याची ‘एटीएम’ उभी राहिली. पाच रुपयांचे नाणे टाकले, किंवा चकती असलेले कार्ड यंत्रासमोर धरले, की 20 लिटरचा जार भरतो आणि पाणी थांबते. हेरॉनच्या देवळातल्या यंत्रातही पाचचेच नाणे होते. ओगराळे धरणारा माणूस मात्र आता तिथे नसतो, आणि नाणे नसलेल्या तहानलेल्याकडे बघायला यंत्राला डोळे नाहीत. पाणी शुद्ध मिळते हे खरे. तरी पाणपोई मोडून एटीएम नको, शेजारी शेजारी दोन्ही हवीत असे माझे मत आहे.

जाता जाता वाचकांना एक विनंती. घराची आवराआवर करताना माळ्यावरच्या जुन्या भांड्यांत तुम्हाला एखादा पितळी पेला सापडेल. त्यात झिजलेली एक मूर्ती असेल आणि तळाला भोक असेल. गळका म्हणून तो मोडीत घालू नका. आधी न्हाणीत नेऊन त्यात पाणी ओतून पहा, आणि बाळाचा पाय भिजेपर्यंत ओतत रहा.